प्रक्षेप्याचा वेग आडव्या आणि उभ्या घटकांत का विभागायचा, आणि आडवा घटक कमी का होत नाही?

अकरावी_महाल

नमस्कार. मी नागपूरला महाल भागात राहतो आणि अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे एखादी कल्पना मराठीत उलगडली की मगच ती माझ्या मनात पक्की बसते, म्हणून हा प्रश्न येथे विचारत आहे.

क्लासमध्ये पुढील उदाहरण सोडवून दाखवले. एक चेंडू जमिनीवरून २५ मी/से वेगाने, जमिनीशी ३७° कोन करून फेकला आहे. कॉस ३७° म्हणजे ०.८ आणि साइन ३७° म्हणजे ०.६ धरल्यास आडवा घटक २० मी/से आणि उभा घटक १५ मी/से येतो. गुरुत्वीय त्वरण १० मी/से² धरले तर चेंडू १.५ सेकंदांत सर्वांत उंच जागी पोहोचतो, ३ सेकंदांनी जमिनीवर येतो आणि ६० मीटर अंतरावर पडतो. ही आकडेमोड मला जमते. अडचण आकडेमोडीच्या मागे जे आहे त्याची आहे.

पहिली शंका अशी की चेंडूला वेग एकच दिलेला आहे, मग त्याचे दोन वेग कोठून आले, आणि २० व १५ यांची बेरीज ३५ होत असताना मूळ वेग २५ कसा? दुसरी शंका मला अधिक सतावते. वर जाणारा चेंडू मंदावतो हे आपण डोळ्यांनी पाहतो. चेंडूच मंदावत असेल तर त्याचा आडवा घटकही थोडा तरी मंदावायला हवा, पण पुस्तक म्हणते की तो शेवटपर्यंत २० मी/से इतकाच राहतो. ‘गुरुत्वाकर्षण आडव्या दिशेने नसते’ एवढे उत्तर मला मिळाले आहे आणि ते मला पाठही आहे, परंतु ते पटलेले नाही. कृपया कोणी सविस्तर समजावून सांगावे.

निवृत्त_शिक्षक_धरमपेठ

तुझे प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारे आहेत. मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि माझा अनुभव असा आहे की या प्रकरणात गणिते सोडवणारे पुष्कळ असतात, परंतु तुझी दुसरी शंका फार थोडे विद्यार्थी विचारतात.

प्रथम ‘दोन वेग’ हा विचार बाजूला ठेव. चेंडूला कोणत्याही क्षणी एकच वेग असतो. त्या वेगाला परिमाण आहे आणि दिशाही आहे, म्हणजे तो सदिश आहे. तो सदिश दोन लंब दिशांना किती किती आहे, हे सांगणाऱ्या राशी म्हणजे त्याचे घटक. आपण नागपूरकर यासाठी एक चांगले उदाहरण प्रत्यक्ष पाहू शकतो. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१.१° उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास, मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अशा वेळी मैदानावर तिरका चेंडू फेकला तर त्याची जमिनीवरची सावली सदैव चेंडूच्या बरोबर खाली असते. चेंडू किती उंच आहे याची त्या सावलीला दखलच नसते. ती सावली ज्या वेगाने जमिनीवरून सरकते तो चेंडूच्या वेगाचा आडवा घटक. त्याचप्रमाणे मावळतीला, किरणे जवळजवळ आडवी असताना, पूर्वेकडच्या एखाद्या उंच भिंतीच्या रोखाने चेंडू फेकला तर भिंतीवरची सावली केवळ वर जाते आणि खाली येते. तिचा वेग म्हणजे उभा घटक. चेंडू एक, वेग एक, सावल्या दोन. कोणतीही एक सावली चेंडूची पूर्ण हकीकत सांगत नाही, दोन्ही मिळून मात्र सांगतात.

आता २० आणि १५ यांची बेरीज. हे दोन घटक एकमेकांशी काटकोनात आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज पायथागोरसच्या सिद्धांतानुसार होते. २० चा वर्ग ४००, १५ चा वर्ग २२५, दोन्ही मिळून ६२५, आणि त्याचे वर्गमूळ २५. येथपर्यंत ही निव्वळ भूमिती आहे, भौतिकशास्त्राला अजून सुरुवातही झालेली नाही.

भौतिकशास्त्र सुरू होते ते तुझ्या दुसऱ्या शंकेपाशी. ‘चेंडू मंदावतो’ असे म्हणताना तू चाल पाहतोस, म्हणजे वेगाचे केवळ परिमाण. न्यूटनचा दुसरा नियम चालीबद्दल बोलत नाही, तो वेगाच्या बदलाबद्दल बोलतो, आणि त्याचे म्हणणे असे की वेगातील बदल हा बलाच्याच दिशेने होतो. चेंडू हातातून सुटल्यावर, हवेचा विचार तूर्त सोडला तर, त्याच्यावर एकच बल उरते आणि ते सरळ खाली असते. म्हणून दर सेकंदाला चेंडूच्या वेगात जी भर पडते ती १० मी/से एवढी आणि सरळ खालच्या दिशेची असते. सरळ खाली जाणाऱ्या बाणाला आडवा भाग मुळीच नसतो. असा बाण कितीही वेळा मिळवला तरी आडव्या घटकात शून्याचीच भर पडत राहणार.

आकड्यांत पाहू. सुटताना घटक २० आणि १५. एका सेकंदानंतर २० आणि ५, म्हणजे चाल सुमारे २०.६ मी/से आणि दिशा जमिनीशी सुमारे १४°. दीड सेकंदाला २० आणि ०. दोन सेकंदांनी २० आणि खाली ५. तीन सेकंदांनी २० आणि खाली १५. चेंडू मंदावला हे तुझे निरीक्षण खरे आहे, त्याची चाल २५ वरून २० वर आली. परंतु ही घट पूर्णपणे उभ्या घटकाच्या खात्यातून झालेली आहे. चालीचा वर्ग ६२५ वरून ४०० झाला, म्हणजे २२५ ने कमी झाला, आणि उभ्या घटकाचा वर्ग नेमका २२५ होता. चेंडू चढला ती उंची ११.२५ मीटर, आणि २ × १० × ११.२५ हेही २२५ च येते. चढण्यासाठी जे खर्ची पडायचे ते सर्व उभ्या घटकाने पुरवले. चेंडू सर्वांत उंच जागी ‘थांबतो’ असे अनेक जण लिहितात, ते चूक आहे. तेथे त्याचा वेग २० मी/से असतो आणि त्वरण तेव्हाही खाली १० मी/से² इतकेच असते.

हे स्वतःच्या कानांनी पडताळण्यासारखे आहे. टेबलाच्या कडेवर कॅरमची एक सोंगटी ठेवून तिला बोटाने जोरात आडवी उडव आणि त्याच क्षणी दुसरी सोंगटी त्याच कडेवरून नुसती खाली पडू दे. टेबल ८० सेंटीमीटर उंच असेल तर दोन्ही सुमारे ०.४ सेकंदात जमिनीवर आपटतात आणि आवाज एकच येतो. एक सोंगटी पायाशी पडते, दुसरी खोलीच्या पलीकडे जाते. आडव्या वेगामुळे पडण्याला उशीर होत नाही आणि पडण्यामुळे आडवा वेग घटत नाही.

या विचाराला जुना इतिहास आहे. तोफगोळा आधी सरळ रेषेत जातो आणि जोर ओसरला की खाली पडतो, असे युरोपातील विद्वान दीर्घकाळ मानत आले होते. ४५° कोनात पल्ला सर्वाधिक मिळतो हे टार्टाग्लिया या इटालियन गणितज्ञाने १५३७ मध्ये मांडले होते, परंतु त्यामागील गतीचे खरे स्वरूप त्याला सापडले नव्हते. ते गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले: आडवी गती एकसमान, उभी गती एकसमान त्वरणाची, आणि दोहोंचा संयोग म्हणजे अन्वस्त (पॅराबोला) वक्र. ४५° पेक्षा सारख्याच अंशांनी कमी आणि जास्त असलेल्या दोन कोनांना पल्ला समान येतो, हेही त्याने तेथेच सिद्ध केले. म्हणजे तुझा चेंडू ३७° ऐवजी ५३° कोनात फेकला असता तरी तो ६० मीटरवरच पडला असता, कारण तेव्हा आडवा घटक १५ आणि उभा २० झाला असता, आणि १५ मी/से वेगाने ४ सेकंद म्हणजे पुन्हा ६० मीटरच.

यंत्र_अभियांत्रिकी_हिंगणा

सरांनी मूळ मुद्दा स्पष्ट केलाच आहे. परीक्षेत जेथे गुण जातात अशा दोन जागा मी सांगतो.

‘आडव्याला कॉस, उभ्याला साइन’ हे सूत्र म्हणून पाठ करू नकोस. काही उदाहरणांत कोन उभ्या रेषेशी दिलेला असतो, तेव्हा दोन्हींची अदलाबदल होते आणि पाठ केलेले सूत्र दगा देते. प्रत्येक वेळी वेग हा कर्ण धरून काटकोन त्रिकोण काढावा. दिलेल्या कोनाच्या लगतच्या बाजूला कॉस येतो आणि समोरच्या बाजूला साइन. कोन आकृतीत दाखवला की निर्णय आकृतीच करते.

दुसरी जागा चिन्हांची. वरची दिशा धन ठरवली तर त्वरण उड्डाणाच्या पूर्ण काळात उणे १० च राहते, चेंडू वर जात असो वा खाली येत असो. पुष्कळ विद्यार्थी चढण्याचा काळ वेगळा, उतरण्याचा वेगळा आणि त्यानंतर जमिनीपर्यंतचा तिसरा असे तुकडे करतात. त्याची आवश्यकता नाही. तुझाच चेंडू २० मीटर उंच गच्चीवरून फेकला असे समज. तो जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचे उभे विस्थापन उणे २० असते, म्हणून –२० = १५ट – ५ट², म्हणजेच ट² – ३ट – ४ = ०, येथे ट म्हणजे सेकंदांतील काळ. उत्तरे ४ आणि –१. चार सेकंदांत आडवे अंतर ८० मीटर. आपटताना उभा घटक १५ – ४० म्हणजे उणे २५, आडवा २०, चाल सुमारे ३२ मी/से आणि जमिनीशी कोन सुमारे ५१°.

उणे १ हे उत्तर खोडून टाकण्यापूर्वी त्याच्याकडे क्षणभर पाहावे. हाच वक्र मागे वाढवला, तर चेंडू गच्चीच्या पातळीला येण्यापूर्वी एक सेकंद आधी जमिनीवर असता आणि तेथे त्याचा उभा घटक वर २५ असता, असे ते सांगते. खाली आपटतानाही उभा घटक २५ च आहे, फक्त दिशा उलट. समीकरणाला गच्ची ठाऊक नसते, त्याला वक्र ठाऊक असतो.

पदव्युत्तर_भौतिकी

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तरीही एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण ती अस्पष्ट राहिली तर पुढे बारावीत आणि पदवीला त्रास होतो. ‘आडवी आणि उभी गती परस्परांपासून स्वतंत्र असतात’ हे वाक्य निसर्गाचा सार्वत्रिक नियम असल्याप्रमाणे शिकवले जाते, आणि ते तसे नाही. कोणताही सदिश कोणत्याही दोन लंब दिशांना विभागता येतो, त्याला कोणाची आडकाठी नाही. परंतु विभागल्यानंतर ते घटक आपापल्या वाटेने स्वतंत्रपणे चालतील की नाही, हे बल ठरवते. गुरुत्वाचे बल येथे सर्वत्र सारखे आहे आणि चेंडूच्या वेगावर अवलंबून नाही, म्हणून गणित दोन सोप्या भागांत सुटते.

बल वेगावर अवलंबून असेल तर काय होते, हे पाहण्यासाठी हवेचा रोध घ्या. क्रिकेटच्या चेंडूसारख्या वस्तूवर हवेचा रोध सुमारे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि त्याची दिशा वेगाच्या बरोबर विरुद्ध असते. त्या बलाचा आडवा घटक काढला तर तो पूर्ण चाल गुणिले आडवा वेग यांच्या प्रमाणात येतो, आणि त्या पूर्ण चालीत उभा घटक दडलेला असतो. म्हणजे चेंडू वर किती वेगाने जात आहे यावर त्याचा आडवा वेग किती झपाट्याने घटेल हे अवलंबून राहते. स्वातंत्र्य संपले, आणि दोन समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात. ती कागदावर सुटसुटीत सुटत नाहीत, संगणकाकडून टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यावी लागतात.

हा परिणाम नगण्य असेल अशी समजूत करून घेऊ नये. क्रिकेटच्या चेंडूचे वस्तुमान सुमारे ०.१६ किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे १.५७ न्यूटन, आणि व्यास सुमारे ७.२ सेंटीमीटर. चाल ३० मी/से आणि रोध गुणांक, म्हणजे वस्तूच्या आकारामुळे हवा तिला किती अडवते हे दाखवणारा आकडा, ०.४५ धरू. नागपूरच्या मे महिन्यातील ४५° सेल्सिअसच्या दुपारी हवेची घनता प्रति घनमीटर सुमारे १.०६ किलोग्रॅम असते, तेव्हा रोध सुमारे ०.८७ न्यूटन येतो. चेंडूच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक! डिसेंबरच्या थंड पहाटे हवेची घनता १.२ च्या आसपास असते, तेव्हा तोच रोध सुमारे ०.९९ न्यूटन होतो. म्हणून जामठ्याच्या मैदानावर उंच टोलवलेल्या चेंडूचा मार्ग खरा अन्वस्त नसतो. तो चढताना पसरट असतो आणि उतरताना अधिक उभा होतो, कारण खाली येईपर्यंत त्याचा आडवा घटक बराच घटलेला असतो. अकरावी_महाल यांची मूळ शंका, की चेंडू मंदावला तर आडवा घटकही मंदावायला हवा, प्रत्यक्ष चेंडूच्या बाबतीत खरी ठरते. मात्र ती मंदी हवेमुळे येते, चढण्यामुळे नव्हे. गॅलिलिओलाही हवेच्या अडथळ्याची जाणीव होती आणि आपल्या निष्कर्षांची ही मर्यादा त्याने त्याच ग्रंथात चर्चिली आहे.

आणखी एक बारकावा. अतिशय लहान आणि मंद कणांवर, उदाहरणार्थ धुक्याच्या सूक्ष्म थेंबांवर, रोध वेगाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असतो. तेथे आडवा रोध केवळ आडव्या वेगावर आणि उभा रोध केवळ उभ्या वेगावर अवलंबून राहतो, त्यामुळे घटक घटतात आणि तरीही स्वतंत्र राहतात. घटक स्वतंत्र असणे आणि स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीत चुंबकीय क्षेत्रातील विद्युतभारित कणाचे प्रकरण येईल, तेथे एका दिशेचा वेग दुसऱ्या दिशेचे बल ठरवतो आणि कण वर्तुळात फिरू लागतो. तेव्हा ही टिप्पणी आठवावी.

निवृत्त_शिक्षक_धरमपेठ

ही भर मोलाची आहे. अकरावीच्या वर्गात हवेचा रोध सोडून देणे योग्यच असते, परंतु तो सोडला आहे हे विद्यार्थ्याला सांगणे शिक्षकाचे कर्तव्य आहे, नाहीतर तो पुस्तकातील वक्र आणि मैदानावरील वक्र यांत फरक पाहून स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवू लागतो.

मैदानी_मार्गदर्शक_मानकापूर

मी मुलांना गोळाफेक शिकवतो, त्यामुळे ही चर्चा आवडीने वाचली. पुस्तकातला ४५° चा कोन आमच्या मैदानावर चालत नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. गोळा जमिनीवरून सुटत नाही, तो खेळाडूच्या हातातून सुमारे २ मीटर उंचीवर सुटतो. १३ मी/से वेग आणि ९.८ मी/से² त्वरण धरून हिशेब केल्यास सर्वाधिक पल्ला ४२° ला मिळतो, सुमारे १९.१४ मीटर, ४५° ला तो सुमारे १९.०५ मीटर येतो. खाली येण्याच्या वाढीव काळामुळे आडवा घटक थोडा अधिक राखणे फायद्याचे ठरते.

परंतु चांगले खेळाडू ४२° पेक्षाही कमी, सुमारे ३५° ते ४०° कोनात गोळा सोडतात. याचे कारण शरीरात आहे. हात जितका वर रोखावा तितका गोळ्याला देता येणारा वेगच कमी होतो. गणितात वेग आणि कोन आपण हवे तसे वेगवेगळे निवडतो, खेळाडूच्या खांद्याला तशी मोकळीक नसते. गोळा सुटल्यानंतर घटक स्वतंत्र असतात, सुटेपर्यंत नसतात.

अकरावी_महाल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, सोंगट्यांचा प्रयोग घरी करून पाहिला आणि आवाज खरोखर एकच आला. ‘वेगातील बदल बलाच्याच दिशेने होतो’ या वाक्याने माझी शंका फिटली.

आता एकच गोष्ट राहिली. चढावर चेंडू फेकण्याच्या उदाहरणात क्लासमध्ये वेगाचे घटक आडवे आणि उभे न घेता उताराला समांतर आणि उताराला लंब असे घेतले, आणि गुरुत्वीय त्वरणाचेही दोन तुकडे केले. गुरुत्व तर सरळ खाली असते, मग त्याचे तुकडे का? आणि तेथे आडवा घटक स्थिर राहण्याच्या नियमाचे काय झाले?

निवृत्त_शिक्षक_धरमपेठ

पदव्युत्तर_भौतिकी यांनी जे सांगितले त्याचेच हे पुढचे पाऊल आहे. दिशा निवडणे आपल्या हातात असते. आडवी आणि उभी ही जोडी आपण एरवी निवडतो, कारण त्या निवडीत गुरुत्वाचा पूर्ण भार एकाच घटकावर पडतो आणि दुसरा मोकळा राहतो. जोडी तिरपी निवडली तर गुरुत्वालाही त्या तिरप्या दिशांनी मोजावे लागते आणि दोन्ही घटक बदलत राहतात. आडवा घटक तेव्हाही स्थिरच असतो, आपण फक्त त्याच्याकडे पाहणे सोडलेले असते.

हे एका उदाहरणाने दोन्ही रीतींनी करू. चढ ३०° चा आहे आणि चेंडू २० मी/से वेगाने चढाशी ३०° कोन करून, म्हणजे क्षितिजाशी ६० अंशांवर, वर फेकला आहे. त्वरण १० मी/से² धरू.

पहिली रीत चढाच्या दिशांची. चढाला समांतर वेग २० × ०.८६६ म्हणजे १७.३२, चढाला लंब वेग २० × ०.५ म्हणजे १०. गुरुत्वाचा समांतर भाग चढाच्या खालच्या बाजूला ५ आणि लंब भाग चढाच्या आत ८.६६. चेंडू पुन्हा चढावर टेकतो तेव्हा लंब विस्थापन शून्य असते, म्हणून काळ २ × १० ÷ ८.६६, म्हणजे २.३१ सेकंद. तेवढ्या काळात चढाच्या दिशेने अंतर १७.३२ × २.३१ वजा ½ × ५ × २.३१² , म्हणजे ४० – १३.३३, म्हणजेच २६.६७ मीटर.

दुसरी रीत आपली नेहमीची. आडवा घटक १०, उभा १७.३२. चेंडू चढावर टेकतो तेव्हा त्याची उंची ही आडव्या अंतराच्या ०.५७७ पट असते, म्हणून १७.३२ट – ५ट² = ५.७७ट. यावरून काळ पुन्हा २.३१ सेकंद. आडवे अंतर २३.०९ मीटर, आणि त्याला कॉस ३०° ने भागल्यावर चढावरचे अंतर २६.६७ मीटर.

उत्तर एकच आले, आणि ते एकच येणे अपरिहार्य आहे, कारण चेंडूला आपण कोणत्या दिशा निवडल्या याची कल्पनाही नसते. चढाच्या दिशांनी ‘चेंडू केव्हा टेकतो’ हे सोपे होते, आडव्या-उभ्या दिशांनी त्वरण सोपे होते. कोणता सोपेपणा अधिक उपयोगाचा, हे प्रत्येक उदाहरण पाहून ठरवावे. आता तू स्वतः याच जागेवरून, त्याच २० मी/से वेगाने, ३०° च्या उतारावर खालच्या बाजूला, उताराशी ३०° कोन करून चेंडू फेक आणि दोन्ही रीतींनी अंतर काढून येथे लिही.

अकरावी_महाल

सर, सोडवले. उताराच्या दिशांनी लंब घटक आधीसारखाच १० आणि त्वरणाचा लंब भागही ८.६६ च आहे, त्यामुळे काळ पुन्हा २.३१ सेकंद आला. फरक केवळ समांतर भागात पडला: या वेळी गुरुत्व चेंडूच्या बाजूने आहे, म्हणून ४० मधून १३.३३ वजा करण्याऐवजी मिळवले आणि अंतर ५३.३३ मीटर आले.

दुसऱ्या रीतीसाठी आकृती काढली तेव्हा लक्षात आले की उतार ३०° खाली जातो आणि चेंडू त्याच्याशी ३०° वर फेकला आहे, म्हणजे चेंडू सरळ आडवाच सुटतो. आडवा घटक पूर्ण २० आणि उभा घटक शून्य. मग ५ट² = २० × ०.५७७ट, काळ २.३१ सेकंद, आडवे अंतर ४६.१९ मीटर आणि उतारावरचे ५३.३३ मीटर. चढाच्या उदाहरणात मला उताराच्या दिशा सोप्या वाटल्या होत्या, येथे मात्र आडव्या-उभ्या दिशांनी अर्धे लिखाण वाचले, कारण सुटतानाच एक घटक शून्य होता. यापुढे आकडे मांडण्यापूर्वी आधी आकृती काढून, कोणता घटक शून्य होतो ते पाहून मगच दिशा ठरवीन.